मुरूम टाकला नाही

माझ्या मुलीचा फोन दर रविवारी सकाळी यायचा, पण तो मला नसायचा. कुत्रीला असायचा. मी फक्त मोबाइल धरणारा माणूस. "बाबा, कॅमेरा फिरवा," हे तिचं पहिलं वाक्य, आणि बहुतेक वेळा मला उद्देशून तेवढंच. मी कॅमेरा फिरवून मागच्या अंगणात उभा राहायचो. मुलीचा चेहरा माझ्या तळहातात असायचा, पण ती पाहत असायची कुत्रीकडे. हसायची, लाडानं बोलायची, तिच्या पायांची, खाण्याची चौकशी करायची. दहा मिनिटांनी "चला बाबा, ठेवते" म्हटलं की संपलं. चार वर्षं असं चाललं. ती दहा मिनिटं टिकावीत म्हणून मी काय केलं आणि ती माझ्याच हातानं कशी घालवली, ते लिहितो आहे. तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि समोरचा उठून जातो.

माझा धंदा बारदान्याचा. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची रिकामी पोती विकत घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची आणि हंगामात अडत्यांना विकायची. महागावपासून नेरपर्यंत आमच्या जिल्ह्यात असा एक बाजार नाही जिथे मी पोत्यांच्या ढिगावर बसून भाव केलेला नाही. सुरुवात केली तेव्हा एक सायकल होती आणि एक दाभण. मागे बाप नव्हता, सासरा नव्हता, कुणाची ओळख नव्हती. लोहाऱ्याकडच्या नव्या वस्तीत प्लॉट घेतला, घर बांधलं, मुलीला इंजिनीअर केलं. ती बारावीत असताना तिची आई गेली. त्यानंतर तिच्या डब्याच्या पोळ्या मी लाटल्या. वाकड्या असायच्या, पण लाटल्या.

भाव करायची माझी एकच पद्धत. आपला शेवटचा आकडा सांगायचा, ढिगावरून उठायचं, चप्पल घालायची आणि चालू लागायचं. दहा पावलांत मागून हाक येते. येतेच.

मुलीनं आपल्या पसंतीचा मुलगा सांगितला तेव्हाही मी तेच केलं. मुलगा वाईट नव्हता. मला आधी विचारलं नाही, याचा राग होता. मी म्हणालो, "तो पाह्यजे का हे घर पाह्यजे, ठरव." आणि उठून गोदामात निघून गेलो. दिवसभर सुतळी मोजल्याचं सोंग केलं. फोन वाजला नाही. संध्याकाळी परत आलो तर तिची बॅग दारात होती. पुण्याला त्यांना मिळालेल्या भाड्याच्या घरात कुत्रं चालणार नव्हतं. "काही दिवस हिला सांभाळाल का बाबा?" तिनं विचारलं. घर सोडताना तिनं माझ्याकडे मागितलं ते एवढंच. लग्नाचं बोलावणं आलं, मी गेलो नाही. तिनं दुसऱ्यांदा बोलावलं नाही. एकदा नाही म्हटलेल्या बापाला दुसऱ्यांदा बोलवावं लागतं, हे तिला कळायला हवं होतं, असं मी चार वर्षं धरून बसलो होतो.

कुत्री अंगानं मोठी, पिवळट रंगाची, लॅब्रेडॉर जातीची. मुलीनं ठेवलेलं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसलं नाही. मी तिला बाई म्हणायचो. आमच्याकडे लेकीलाही बाई म्हणतात.

घराचा पाया मी मुरूम लागेपर्यंत खोल नेला होता, पण मागचं अंगण तसंच सोडलं होतं. नुसती काळी माती. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपलेसकट पाय धरून ठेवते. जनावराच्या पंजाला दर पावलागणिक तिचा एक थर चढतो. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात कुत्री तिथेच घसरली. मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले आणि ती पोटावर बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय हलवून पाहिले आणि सांगितलं की खुबे झिजले आहेत, म्हातारपण आहे, पण चालेल. "फक्त घसरू देऊ नका. आता पडली तर उठायची नाही. कोरडी, मऊ, पाय धरेल अशी जागा द्या." घरात सगळीकडे गुळगुळीत फरशी. समोरच्या सिमेंटवर ती लघवीला बसत नसे, दिवसभर धरून ठेवायची. तिला मागचं अंगणच लागायचं.

मी मुलीला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "बाबा, आम्ही आता तळमजल्याचा फ्लॅट घेतला. मी तिला इकडे आणते."

कुत्री गेली की रविवार गेला, हे मला हिशेब न करता कळलं.

"कायले?" मी म्हणालो. "इथं काय कमी आहे तिले? मी सोय करतो."

"पुढच्या पावसाळ्याच्या आत करा मग. नाही झालं तर मी येईन. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

हॉटेलांच्या आवारात आणि क्रिकेटच्या मैदानांवर ते प्लास्टिकचं गवत अंथरतात, त्यातच कुत्र्यामांजरांसाठी वेगळा प्रकार येतो हे मला चौकशी करता करता कळलं. पाती मऊ असतात, खाली भोकं असतात, लघवी त्यातून उतरून जाते, वरून पाणी मारलं की स्वच्छ. हे काम करणारा एक मिस्त्री नेरचा मिळाला. पन्नाशीचा मुसलमान कारागीर. आधी गाद्या आणि सोफे करायचा, मग या कामात आला. एप्रिलमध्ये तो नमुन्याचे तुकडे घेऊन आला. मी प्रत्येक तुकडा उलटा करून नखानं टाके ओढून पाहिले.

"काकाजी, गवत सोडून पाठ पाहणारे तुम्ही पहिलेच गिऱ्हाईक," तो म्हणाला.

"गवत काय पाहाचं? गाईले चारायचं आहे का?"

तो मोकळेपणानं हसला. मला माणूस आवडला. त्यामुळेच मी त्याला जास्त दाबला असेल. आवडलेल्या माणसाशी भाव करायला मला हुरूप येतो.

तो अंगणात गेला, उकिडवा बसला, एका भेगेत काडी घातली. काडी पूर्ण आत गेली.

"दीड फूट माती काढा लागते," तो म्हणाला. "बाहेर नेऊन टाकायची. मंग मुरूम, मंग गिट्टी, वरून दगडाची चुरी, धुमस मारून पक्कं करायचं, एका अंगाले उतार द्यायचा. हे गवत शेवटी. गवत तर दोन दिवसांचं काम हाये काकाजी. खरं काम खालीच हाये."

"मले घर बांधाचं आहे का त्याच्यावर? कुत्री हागल-मुतल तिथी."

"माती फुगते ना पावसात."

"मले शिकवतं का? मी याच मातीतला आहो."

"तेच म्हणून राह्यलो. तुम्हाले तर सांगाचीही गरज नाही पडाले पाह्यजे."

मी टाच जोरात जमिनीवर आपटली. दगडावर आपटल्यासारखी वाजली. "पाह्य. सिमेंट आहे हे. याले कायले मुरूम पाह्यजे?"

त्याचं म्हणणं खरं आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. या भागात शेंबड्या पोरालाही काळी माती ठाऊक असते. तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण मी स्वतः व्यापारी आहे. गिऱ्हाइकाला दिसणार नाही त्या गोष्टीवर भाव चढवायचा, हा खेळ मी उभा जन्म खेळलो. आतून दुहेरी टाका आहे, असं सांगून मी किती पोती खपवली असतील. पोतं उलटं करून कोण पाहतो? तो मुरूम मुरूम करत होता तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येत होता.

मी आकडा सांगितला आणि घरात निघालो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "काकाजी, थांबा ना. एवढं काहून तापता?"

मग ठरलं. माती काढायची नाही, मुरूम नाही, गिट्टी नाही. भेगा बुजवून वरून दोन इंच चुरी आणि त्यावर गवत. चुरीखाली अंथरायचं जाड कापड असतं, तेही मी घेऊ दिलं नाही. गोदामात फाटक्या पोत्यांचा ढीग पडून होता. मी म्हणालो, हे टाक.

"ताग सडते काकाजी."

"दोन घड्या टाक."

"टाकतो. पण मंग पावसाळ्यात मले काही म्हणाचं नाही."

"नाही म्हणत," मी म्हणालो. जिंकलो होतो, त्यामुळे काहीही कबूल करायला तयार होतो. भेगांमध्ये मी स्वतः पोत्यांचे तुकडे कोंबले, काठीनं ठोसून ठोसून. घामानं सदरा भिजला होता आणि मला फार बरं वाटत होतं. आपण आपल्या मालानं आपलं काम केलं.

मे महिन्यात अंगण हिरवंगार दिसायला लागलं. दुपारी ते प्लास्टिक तव्यासारखं तापायचं, त्यामुळे कुत्रीला सकाळी आणि दिवस कलल्यावर, पाणी शिंपडून सोडायचो. पहिल्या सकाळी ती कडेला उभी राहिली, हुंगलं, एक पाय टाकला, आणि मग मधोमध जाऊन पाठीवर लोळली. या वयात. चारही पाय वर. त्या रविवारी मुलीनं ते पाहिलं आणि ओरडलीच.

"बाबा! हे तुम्ही केलं?"

"मंग कोण करन?"

"मस्त झालं हो. खरंच मस्त." मग म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

सकाळचे नऊ वाजले होते. मी म्हणालो, "हो, जेवलो."

पुढचे चार-पाच रविवार मी कुणाला देणार नाही. फोन वीस-वीस मिनिटं चालायचा. कुत्री फिरत असायची आणि मुलगी मधेच मला काहीतरी विचारायची. बीपीची गोळी घेता का. पोळ्यांना बाई लावली का अजून स्वतःच लाटता. एकदा तिचा नवरा मागून गेला आणि त्यानं हात हलवला. मीही हलवला. कॅमेरा कुत्रीकडे होता, त्यामुळे त्याला दिसला नसेल.

जुलैमध्ये झड लागली. आठ दिवस सूर्य नाही, पाऊस थांबत नाही, जोरातही येत नाही. चौथ्या दिवशी अंगणाच्या मधोमध एक उंचवटा आला, आतून कुणी गुडघा वर केल्यासारखा. सहाव्या दिवशी दुसरा. दोन पट्ट्यांमधला जोड उकलून त्याची कड उभी राहिली. पाणी खाली जाईना. पाय ठेवला की भोकांतून काळं पाणी वर यायचं आणि त्याबरोबर वास. दोन महिन्यांची लघवी, सडलेला ताग आणि चिखल यांचा तो वास घरात स्वयंपाकघरापर्यंत आला. कुत्री दारात उभी राहून गवताकडे पाहायची आणि माझ्याकडे पाहायची. मी ढकलली तर कडेकडेनं भिंतीला अंग घासत जायची.

मिस्त्रीला फोन करून मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी तो आला. नेरहून एसटीनं, पावसात, छत्री घेऊन. मी दारातच सुरू झालो. फसवलं, लुटलं, तुझ्या धंद्याचं वाटोळं करतो. बाजूच्या घरातली माणसं गॅलरीत आली. तो सरळ मागे गेला, खाली बसला आणि गवताचा एक कोपरा उचलला. चुरी दिसलीच नाही, ती मातीत बुडाली होती. त्यानं हात घातला आणि काळा, गळका लगदा बाहेर काढून माझ्यासमोर धरला. लगद्यातून सुतळी लोंबत होती.

"पोतं कोनाचं हाये, काकाजी?"

मी गप्प झालो नाही. गप्प व्हायला हवं होतं. मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

त्यानं नळाखाली हात धुतले. "शिव्या द्याच्या असन तर द्या. पण जनावराकडे पाहून सांगतो. आता माती काढली तर तळं होईन. दिवाळीनंतर जमीन वाळू द्या, मी येतो, मुरूम टाकू. तोवर याच्यावर सोडू नका तिले."

"तोवर ती कुठं जाईन?"

"ते मले काय माहीत? तुमचं घर हाये."

मी त्याला निघायला सांगितलं. चहा विचारला नाही. पावसात माणूस दारी आला आणि मी चहा विचारला नाही, हे यापूर्वी माझ्या हातून झालं नव्हतं.

मुलीला मी काही सांगितलं नाही. भिंतीलगत एक कोपरा होता, तिथे घर बांधताना मुरुमाचा ढीग पडलेला असायचा. तेवढीच जागा सपाट राहिली होती, चार हात लांब, दोन हात रुंद. रविवारी फोनच्या आधी मी कुत्रीला पोटाखालून हात घालून तिथे नेऊन उभी करायचो आणि जवळून दाखवायचो, म्हणजे बाकीचं अंगण दिसू नये. मागे हिरवं दिसायचं, पुढे कुत्री दिसायची. माल दाखवायची माझी कला सगळी तिथे कामाला आली. तीन रविवार निभले.

चौथ्या रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, ती एकाच जागी काहून उभी असते?"

"थकली आहे आज."

"मागच्या रविवारीही थकली होती. चालवून दाखवा."

"पाऊस होता ना बाई, आळसली ते."

"बाबा. चालवून दाखवा."

मी दहा पावलं मागे सरलो आणि हाक मारली, "चाल बाई. ये." मी तेव्हा "नको" म्हणू शकत होतो. खरं सांगू शकत होतो. मला वाटलं, चार पावलं टाकेल, तेवढ्यात मी कॅमेरा फिरवीन, आणि हाही रविवार निघून जाईल.

कुत्री आली. माझ्या हाकेला ती कधी थांबली नाही. पहिला उंचवटा तिनं बाजूनं ओलांडला. जोडाच्या उभ्या राहिलेल्या कडेत तिचा मागचा डावा पंजा गेला, तिनं ओढला, दुसरा पाय सटकला आणि ती पडली. ओरडली नाही. एक श्वास बाहेर पडल्यासारखा आवाज आला. पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न केला, दोनदा. मग तिच्याखाली ओलं पसरलं आणि तिनं मान दुसरीकडे फिरवली. कुत्र्यालाही लाज वाटते, हे मी तेव्हा पाहिलं.

मोबाइल माझ्या हातात तसाच होता. मुलीनं सगळं पाहिलं.

"तिला उचला आधी," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "मोबाइल ठेवा बाबा आणि दोन्ही हातांनी उचला."

शनिवारी ती गाडी करून आली. चार वर्षांनी माझ्या घरात पाऊल ठेवलं आणि सगळ्यात आधी मागच्या अंगणात गेली. नाकावर ओढणी धरून सगळीकडे पाहिलं. मला वाटलं होतं ओरडेल, मी तयारीत होतो. ओरडायला ती माझीच मुलगी आहे. ती आत आली. कुत्रीपाशी जाऊन फरशीवर बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मी बोलत सुटलो. "दिवाळीपर्यंत ठेव. दीड नाही, दोन फूट माती काढतो. मुरूम टाकतो, पाइप टाकतो. मिस्त्री येतो म्हणाला आहे. बरं, दसऱ्यापर्यंत. दसऱ्यापर्यंत मी तिले समोरच्या खोलीत ठेवतो, गाद्या अंथरतो. बरं, महिनाभर. एक महिना दे."

"बाबा, तुम्ही भाव करून राह्यले का?"

"मंग काय करू?"

"ती चालू शकत नाही बाबा. यात कोणता भाव करू मी तुमच्याशी?"

तिथे माझं डोकं फिरलं. चार वर्षांचं साठलेलं तोंडातून बाहेर आलं. "लग्नात दुसऱ्यांदा बोलावलं का तू मले?"

तिला खरंच समजायला वेळ लागला की मी काय विचारतो आहे. मग म्हणाली, "पहिल्यांदा बोलावलं होतं ना. खुर्ची ठेवली होती समोर. फोटोत आहे ती. रिकामी."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुत्रीला आम्ही दोघांनी चादरीत उचललं. पुढचा भाग तिनं धरला, मागचा मी. दारातून वळताना ती मला सांगत होती, "सांभाळून बाबा, खुबा दाबू नका, थोडं वर," आणि मी ती सांगेल तसं करत होतो. कुत्रीची लघवी माझ्या सदऱ्यावर झाली. तिला मागच्या सीटवर निजवलं. मी सकाळीच भरीत करून ठेवलं होतं, मुलीच्या आवडीचं, जास्त तिखट नाही. जेवून जा, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी ड्रायव्हरवर ओरडलो. "एसी कमी ठेव बे. जनावर आहे मागं. आणि खड्ड्यातून हळू."

"मॅडम सांगतील तसं, काका," तो म्हणाला.

मुलगी मागे कुत्रीजवळ बसली. काच वर गेली. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी भरिताचाच विचार करत होतो, की आता म्हणावं, आता हात करावा.

तिथे पुण्यात कुत्रीला ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. ती पडून असते, चाकांची छोटी गाडी बांधली की थोडी फिरते. हे मला मेसेजवर कळलं. मेसेज येतो, नाही असं नाही. "बरी आहे." दोन शब्द. मी एकदा फोन केला. तिनं उचलला. कुत्री कशी आहे, मी विचारलं. तशीच आहे, ती म्हणाली. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. "ठेवू का बाबा?" तिनं विचारलं, आणि मला ठेव म्हणावं लागलं.

दिवाळी झाली आणि पुढच्याच आठवड्यात मिस्त्री दारात उभा. मी बोलावलं नव्हतं. शब्द दिला होता म्हणून आला. मी त्याला बसवलं, चहा केला. तो मागे जाऊन माती पाहून आला. वाळली आहे, म्हणाला, ट्रॅक्टर बोलावता येईल. मग इकडेतिकडे पाहत विचारलं, "जनावर कुठं हाये?"

"गेली."

"मेली का?" तो एकदम उभा राहिला.

"नाही. पुण्याले. पोरीकडे."

तो परत बसला. त्यानं कपातला चहा फिरवला.

"मंग आता कोनासाठी करू काकाजी?"

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की खोद, दोन फूट खोद, मुरूम टाक, तू म्हणशील तसं टाक. त्याऐवजी मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. त्यानं आकडा सांगितला नाही, मी विचारला नाही. चहा संपवून तो उठला आणि नेरची बस पकडायला निघून गेला.